लढाईहून परतलेलें मन



परळीच्या वैजनाथाचें मूळ नांव वैद्यनाथ. वैद्यांचा जो नाथ तो वैद्यनाथ. क्षेत्राची कथा अशी सांगतात कीं, देवदानवांनीं समुद्र घुसळून जीं रत्नें वर काढलीं, त्यांतील अमृत आणि धन्वंतरी हीं दोन्ही या लिंगांत गुप्त झालीं. म्हणून हा देव रोगहर्ता. अहिल्याबाई होळकरांनीं ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या या देवळाच्या पायऱ्या माणसें पिढ्यान्‌पिढ्या आपापलीं दुखणीं घेऊन चढत आलीं आहेत. कोणी ताप सांगतो, कोणी सांधे दाखवितो, कोणी मूलबाळ मागतो. परंतु एक दुखणें असें आहे कीं, तें घेऊन आलेला माणूस देवापुढेंसुद्धां तोंड उघडीत नाहीं. तें दुखणें म्हणजे लढाईहून परतलेल्या शिपायाच्या मनाचें दुखणें. सारखें दुःख भोगलेल्या माणसांना एकत्र बसवून त्यावर जो उपाय केला जातो, त्याची हकीकत हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

समजा, याच गांवच्या एका गल्लींतला मुलगा विसाव्या वर्षीं पलटणींत भरती झाला. सतरा वर्षें नोकरी करून, त्यांतलीं कांहीं वर्षें सरहद्दीवर काढून, हवालदाराच्या हुद्द्यावरून पेन्शन घेऊन तो घरीं परतला. स्टेशनावर त्याला हार घातले गेले; आईनें उंबऱ्यांत भाकरतुकडा ओवाळून टाकला. पहिले दोन महिने सुखाचे गेले. मग दिवाळी आली. शेजारच्या पोरानें फटाक्यांची माळ लावली, आणि हवालदारसाहेब भरल्या ताटावरून उठून भिंतीशीं अंग चोरून बसले. पोरें हसलीं. त्या दिवसापासून घराचा रंग पालटला. जत्रेला चला म्हटलें कीं त्यांचें डोकें दुखे. दाराकडे पाठ करून ते बसेनात. पहाटेच्या गाडीनें शिटी दिली कीं दचकून उठत आणि मग अंगणांत येरझाऱ्या घालीत. हळूहळू संध्याकाळची बाटली घरांत आली.

त्यांची बायको जावेला म्हणे, “झोपेत ओरडतात. हात लावून उठवायला गेलं तर माझाच गळा धरतात.” आई म्हणे, “बाहेरचं काहीतरी लागलंय. एखादी पोथी लावा.” धाकटा भाऊ म्हणे, “दादा, तेवढी दारू सोडा, मग सगळं नीट होईल.” आणि हवालदार स्वतः म्हणत, “मला कुठं काय झालंय?” चौघेही आपापल्या परीनें घराचें भलेंच चिंतीत होते, परंतु चौघांपैकीं एकालाही त्या दुखण्याचें नांव ठाऊक नव्हतें. हा हवालदार कल्पनेंतला आहे. त्याचें दुखणें मात्र कल्पनेंतलें नाहीं.

आजचें वैद्यक या विकाराला आघातोत्तर तणावविकार असें म्हणतें. मरणाचा प्रसंग डोळ्यांपुढें घडला, सोबती शेजारीं पडला, किंवा स्वतःच्या हातून कोणाचा प्राण गेला, कीं त्या घटनेची स्मृति इतर स्मृतींप्रमाणें भूतकाळांत जाऊन स्थिर होत नाहीं. एखादा वास, एखादा आवाज, जळक्या तेलाचा धूर एवढें निमित्त पुरतें, आणि ती घटना आतां, या क्षणीं, पुन्हां घडूं लागते. तिला टाळण्यासाठीं माणूस गर्दी टाळतो, मित्र टाळतो, बोलणें टाळतो. आपण जगलों आणि तो गेला, ही अपराधाची भावना त्याला आंतून पोखरते. प्रेम, हर्ष, कौतुक या भावना बधिर होतात. शरीर मात्र रात्रंदिवस पहाऱ्यावर उभें असतें. हीं लक्षणें महिन्याहून अधिक टिकलीं आणि त्यांनीं रोजचें जगणें अडविलें, तर तो विकार समजावा. तो भित्रेपणा नव्हे. रणांगणावर ज्या सावधपणानें प्राण वाचविले, तोच सावधपणा घरीं आल्यावरही उतरत नाहीं, इतकेंच.

हें दुखणें नवें नाहीं. महाभारताचें शांतिपर्व विजयाच्या आनंदानें उघडत नाहीं. तें युधिष्ठिराच्या शोकानें उघडतें. राज्य मिळालें, परंतु कर्ण आपला सख्खा भाऊ होता हें कळल्यावर तें राज्य त्याला नकोसें झालें. भीमानें समजाविलें, अर्जुनानें समजाविलें, द्रौपदी बोलली, व्यासांनीं उपदेश केला. तरी त्याचें मन शांत होईना. शेवटीं श्रीकृष्णानें त्याला नेलें तें शरपंजरीं पडलेल्या भीष्मांकडे, म्हणजे त्याच लढाईंत घायाळ झालेल्या माणसाकडे. ज्याच्या अंगांत त्याच युद्धाचे बाण रुतले होते, त्याच्याजवळ बसून युधिष्ठिर प्रश्न विचारूं लागला. पुढें विसाव्या शतकांतल्या डॉक्टरांना जें तत्त्व मोठ्या खटपटीनें सांपडलें, त्याचें बीज या कथेंत पाहतां येतें.

परळीहून थोड्या अंतरावर अंबाजोगाई आहे. निजामाच्या राज्यांत तिला मोमिनाबाद म्हणत, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ सालीं ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत मिळवून टाकण्यांत आली. तिचा वारसा चालविणाऱ्या विसाव्या डेक्कन हॉर्स या रिसाल्यानें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या लढाईंत हाय वुड या रानाजवळ, हातीं भाले घेऊन, उभ्या पिकांतून शत्रूवर घोडे घातले. पलीकडे मशिनगनी होत्या. युद्धाची रीत पालटली होती. दिवसेंदिवस खंदकांत बसून, न दिसणाऱ्या शत्रूचे तोफगोळे अंगावर घेणें हें आतां शिपायाचें काम झालें होतें. अशा माणसांना लकवे येऊं लागले, वाचा बसूं लागली, अंग थरथरूं लागलें. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स या डॉक्टरानें ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत अशा रोग्यांची हकीकत छापतांना ‘शेलशॉक’ म्हणजे तोफगोळ्याचा धक्का हा शब्द वापरला, आणि तो रूढ झाला. एकट्या ब्रिटिश सैन्यांत युद्धाअखेरपर्यंत असे सुमारें ८०,००० रोगी झाले असें मानलें जातें.

त्या काळीं सगळ्यांनाच रोगी मानलें गेलें नाहीं. पळून जाणें, भित्रेपणा दाखविणें अशा आरोपांखालीं लष्करी न्यायालयांनीं दिलेल्या शिक्षेनें ब्रिटिशांच्या बाजूच्या शेंकडों शिपायांना त्यांच्याच सोबत्यांच्या बंदुकांपुढें उभें करण्यांत आलें. त्यांतल्या ३०६ जणांना ब्रिटिश सरकारनें २००६ सालीं, म्हणजे नव्वद वर्षांनीं, माफी दिली. त्यांतले किती जण मनानें आजारी होते, हें ठरविण्याची वेळ केव्हांच निघून गेली होती. दुखण्याला नांव नसलें म्हणजे काय होतें, याचा याहून कठोर दाखला शोधण्याची गरज नाहीं.

नांव असूनही थट्टाच व्हावी, असा दाखला महाराष्ट्राच्याच मातींत आहे. नाशिकजवळची देवळाली ही १८६१ पासूनची छावणी. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना विलायतेच्या बोटीसाठीं तेथें आणून ठेवीत. बोटी हिवाळ्याच्या हंगामांतच सुटत. हंगाम हुकला तर शिपायाला कित्येक महिने, कामधंद्यावांचून, उन्हाच्या तडाख्यांत वाट पाहत बसावें लागे. कोणी दारूला लागे, कोणी भांडे, कोणाचें चित्त फिरे. आपल्याकडचा ‘ताप’ हा शब्द उचलून शिपाई या अवस्थेला ‘देवळाली ताप’ म्हणूं लागले. त्याचाच अपभ्रंश ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजींत आजही वेड्याला चिडविण्यासाठीं वापरला जातो. एका मराठी गांवाच्या नांवानें शिपायाच्या मनोव्यथेला नांव मिळालें खरें. परंतु तें औषधाच्या बाटलीवर न लागतां विनोदाच्या पुस्तकांत गेलें.

उपायाची पहिली पावलें स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट या लष्करी रुग्णालयांत पडलीं. तेथील डॉक्टर रिव्हर्स हे पूर्वीं निलगिरीच्या तोडा लोकांत राहून त्यांच्यावर ग्रंथ लिहून गेलेले गृहस्थ. माणसाचें ऐकून घेण्याची त्यांना संवय होती. ‘विसर, दुसऱ्या गोष्टींत मन घाल’ असें रोग्याला सांगणें हेंच अनेकदां घातक ठरतें, असा त्यांचा निष्कर्ष होता. रोग्यानें ती भयंकर आठवण बाहेर काढून कोणाजवळ तरी ठेवावी, हा त्यांचा मार्ग. परंतु तेथें एका वेळीं एक डॉक्टर व एक रोगी, आणि तेही बहुतेक अधिकारी वर्गांतले. हजारों साध्या शिपायांसाठीं एवढे डॉक्टर आणावे कोठून?

या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या महायुद्धांत बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड रुग्णालयांत शोधलें गेलें, आणि त्यांत पुढाकार घेणारा माणूस हिंदुस्थानांत जन्मलेला होता. विल्फ्रेड बायन यांचा जन्म १८९७ सालीं मथुरेस झाला. पहिल्या महायुद्धांत ते रणगाड्यांच्या दळांत होते; १९१७ च्या कांब्रेच्या लढाईंतील कामगिरीबद्दल त्यांना पदक मिळालें. मरण म्हणजे काय हें त्यांनीं पुस्तकांतून वाचलेलें नव्हतें. १९४२-४३ च्या हिवाळ्यांत त्यांच्याकडे बिघडलेल्या मनाच्या शिपायांचा एक विभाग सोंपविण्यांत आला. बेशिस्त, आळस व रडगाणें यांनीं तो भरलेला होता. बायन यांनीं प्रत्येकाला बोलावून समजूत घातली नाहीं. त्यांनीं नियम मोजकेच केले. प्रत्येकानें रोज एक तास कवाईत करावी. सुतारकाम, नकाशावाचन वगैरेंपैकीं निदान एका मंडळांत तरी असावें. हवें तें मंडळ नसल्यास नवें काढावें. अगदींच झेपत नसेल तर विश्रांतीच्या खोलींत शांत बसावें. आणि रोज दुपारीं सर्वांनीं एकत्र जमावें.

कांहीं दिवसांनीं शिपाई तक्रार घेऊन आले. “येथें शंभरांतले वीसच जण मनापासून काम करतात, बाकीचे ऐंशी कामचुकार आहेत,” अशी ती तक्रार होती. बायन यांनीं कोणाला शिक्षा केली नाहीं. हा प्रश्न तुमच्या सर्वांचा आहे, तेव्हां तुम्हीच त्याचा अभ्यास करा, असें त्यांनीं सुचविलें. आजार हाच सर्वांचा मिळून एक शत्रू, आणि त्याच्याशीं पलटणीनें लढावें तसें सर्वांनीं मिळून लढावें, ही त्यांची दृष्टि होती. थोड्याच दिवसांत मंडळें वाढलीं, घाणेरडे वॉर्ड शिपायांनींच झाडले. वरिष्ठांना ही मोकळीक रुचली नाहीं. सहा आठवड्यांत प्रयोग थांबला. परंतु बीज पडलें होतें. बायन व त्यांचे सहकारी रिकमन यांनीं १९४३ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें तो प्रयोग लिहून प्रसिद्ध केला.

त्याच रुग्णालयांत नंतर फूल्क्स आले. ते जन्मानें जर्मन; पहिल्या महायुद्धांत जर्मन सैन्यांत नोकरी केलेले, आणि आतां ब्रिटिश शिपायांवर उपचार करणारे. त्यांनीं सात-आठ माणसांना वर्तुळाकार बसवून बोलतें करण्याची पद्धत घडविली. हॅरल्ड ब्रिजर या अधिकाऱ्यानें एक रिकामी खोली क्लबसाठीं म्हणून तशीच रिकामी ठेवली. युद्धकाळांत जागा वाया जाते म्हणून शिपाई रागावले, निषेधासाठीं सभा भरली. आणि त्याच सभेंत खोलीचें काय करावें हें ठरूं लागलें. जे एकटे पडले होते ते रागानें का होईना, एकत्र आले. १९४६ सालीं टॉम मेन यांनीं अशा रुग्णालयाला ‘उपचारक समाज’ या अर्थाचें नांव दिलें.

तिसरें पाऊल शिपायांनीं स्वतः टाकलें. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्यें व्हिएतनामहून परतलेले तरुण आठवड्यास एकदां एका कचेरींत जमून बोलूं लागले. सरकारी रुग्णालयांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. रॉबर्ट लिफ्टन व हायम शतान या मानसोपचारतज्ज्ञांना त्यांनीं बोलाविलें, पण बरोबरीच्या नात्यानें. या बैठकींना ते उपचार म्हणत नसत. साध्या बोलीभाषेंत ‘गप्पांच्या बैठकी’ म्हणत. तेथें जें ऐकूं आलें, त्याला १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारकांच्या अधिकृत रोगसूचींत आघातोत्तर तणावविकार हें नांव मिळालें. १९७९ सालीं तिकडच्या सरकारनें माजी सैनिकांसाठीं गांवोगांव समुपदेशन केंद्रें काढण्याचें ठरविलें. तेथें काम करणाऱ्यांपैकीं पुष्कळजण स्वतः लढाईहून आलेले. पुढें १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत, व्हिएतनामच्या रणक्षेत्रांत गेलेल्या पुरुषांपैकीं शेंकडा तीसांना केव्हां ना केव्हां हा विकार झाल्याचें, आणि शेंकडा पंधरांना तो पाहणीच्या वेळींही असल्याचें दिसून आलें. त्या वेळीं लढाई संपून दशकाहून अधिक काळ लोटला होता.

आतां, अशा मंडळाचें काम चालतें कसें? सहा ते दहा माणसें, आठवड्यांतून एकदां, दीड तासाच्या सुमारास, ठरल्या जागीं व ठरल्या वेळीं जमतात. खुर्च्या वर्तुळांत मांडलेल्या असतात, म्हणजे कोणी पुढें नाहीं व कोणी मागें नाहीं. सुभेदार असो वा शिपाई, हुद्दा दाराबाहेर राहतो. एक शिकलेला सूत्रधार असतो, कधीं दोघे असतात. येथें ऐकलेलें बाहेर सांगावयाचें नाहीं, पिऊन यावयाचें नाहीं, कोणाचें दुःख मोठें व कोणाचें लहान हें मोजावयाचें नाहीं, आणि ज्याला बोलावेंसें वाटत नाहीं त्याला बोलतें करावयाचें नाहीं, हे नियम पहिल्याच दिवशीं ठरतात. आरंभीं कोणीही रणांगणाची कथा काढीत नाहीं. झोप कां येत नाहीं, छाती कां धडधडते, राग चढूं लागला तर श्वास कसा आंवरावा, हें आधीं शिकवितात. पाय जमिनीवर टेकलेले आहेत, समोर चार ओळखीचे चेहरे आहेत, हें मनाला पुन्हां पुन्हां दाखवितात. विश्वास बसल्यावर मग आठवणींकडे वळावयाचें, तेंही थोडें थोडें. आणि अखेरच्या भागांत बोलणें घराकडे येतें: बायकोशीं काय बोलावें, मुलाचा अभ्यास कसा घ्यावा, नव्या नोकरींतला साहेब ओरडला तर काय करावें.

यांत औषध कोणतें? पहिलें औषध हें कीं, आपण एकटे नाहीं. कल्पनेंतले ते हवालदार या वर्तुळांत तीन आठवडे गप्प बसले असते. चौथ्या आठवड्यांत समोरचा एखादा नाईक म्हणाला असता, “साहेब, मी दिवाळीत मोटारसायकल काढून माळावर जाऊन बसतो.” आणि हवालदारांच्या तोंडून सहज निघालें असतें, “मी भिंतीशी बसतो.” कोणी हंसलें नसतें. वर्षानुवर्षें जी गोष्ट आपल्या एकट्याची लाज वाटत होती, ती पांच जणांची निघते, तेव्हां ती लाज राहत नाहीं. ती एका दुखण्याची खूण ठरते. दुसरें औषध हें कीं, अपराधाची गांठ तेथें सुटूं लागते. ‘तुमचा दोष नव्हता’ असें बायकोनें शंभरदां सांगितलें तरी तें मनाला पटत नाहीं, कारण ती तेथें नव्हती. जो अशाच रात्रीं तसाच निर्णय घेऊन बसला आहे, त्याच्या एका शब्दाला वजन येतें. तिसरें औषध सर्वांत विशेष: रोगी स्वतः दुसऱ्याच्या कामीं येतो. ज्याला आपण निरुपयोगी झालों असें वाटत होतें, त्याच्या एका वाक्यानें शेजारचा माणूस त्या रात्रीं शांत झोपतो. शिपायाला सोबत्याची राखण करण्याची संवय असते. तीच संवय येथें औषधाच्या कामाला लागते.

या पद्धतीचें माप शास्त्रानेंही घेतलें आहे, आणि तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन परीक्षेंत व्हिएतनामच्या ३६० माजी सैनिकांना दोन प्रकारच्या मंडळांत बसविलें. एका प्रकारांत युद्धाच्या आठवणींवर भर, दुसऱ्यांत रोजच्या जगण्यांतल्या अडचणींवर. दोहोंच्या गुणांत फारसा फरक पडला नाहीं. याचा अर्थ असा घेतां येतो कीं, प्रत्येकानें भीषण प्रसंग उकरून काढलाच पाहिजे असें नाहीं. २०१७ सालच्या दुसऱ्या एका परीक्षेंत नोकरींतल्या २६८ सैनिकांवर एकच उपचार एकेकट्यानें आणि समूहांत करून पाहिला. दोन्हीकडे सुधारणा झाली, परंतु एकेकट्याला तज्ज्ञाकडून मिळालेल्या उपचारानें ती अधिक झाली. तेव्हां समूह हा सर्व रोगांवरचा रामबाण नव्हे. ज्याच्या मनांत आत्महत्येचे विचार आहेत, जो दारूंत बुडाला आहे, ज्याला भास होतात, त्याला आधीं डॉक्टरनें एकट्यानेंच हातीं घेतलें पाहिजे. कित्येकांना वर्तुळाबरोबर गोळ्याही लागतात. परंतु जेथें मनाचे डॉक्टर थोडे आणि रोगी पुष्कळ, तेथें एका तज्ज्ञाच्या एका तासांत आठ माणसांना आधार मिळतो ही गोष्ट लहान नाहीं. आणि मराठवाड्यासारख्या प्रदेशांत तर ती फारच मोठी आहे.

महाराष्ट्रानें शरीराच्या जखमांना मान दिला आहे. जायबंदी शिपायांना हुन्नर शिकविणारी क्वीन मेरी संस्था १९१७ पासूनची आहे. कमरेखालचें शरीर लुळें पडलेल्या जवानांसाठीं खडकीस १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें, आणि २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. तें सर्वथा योग्यच झालें. परंतु ज्याची जखम दिसत नाहीं, त्याच्या वांट्याला अजूनही ‘तापट’, ‘दारुडा’, ‘डोकं फिरलेला’ हीं विशेषणें येतात. तीं आणि ‘डूलाली’ यांत अंतर तें काय?

उपायाचीं दारें मात्र पूर्वींपेक्षां अधिक उघडीं आहेत. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मनाच्या आजारांसाठींची दूरध्वनि-सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. सैन्यदलांतील माणसांसाठीं तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्यें पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत उघडला. जिल्ह्याच्या ठिकाणीं सैनिक कल्याण कार्यालय असतें. पेन्शनच्या कागदांसाठीं माजी सैनिक तेथें जातातच. परळीकरांच्या जवळच अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या गांवीं एकेकाळीं घोडदळाची छावणी होती, त्याच गांवीं आज डॉक्टर तयार होतात. माजी सैनिक जेथें सहज जमतात तेथें एक खोली, दहा खुर्च्या आणि महिन्यांतून चारदां येणारा एक तज्ज्ञ, एवढ्यानें मंडळ उभें राहूं शकतें. यास मोठी इमारत लागत नाहीं; नेम लागतो, आणि गुप्तता पाळणारीं तोंडें लागतात.

घरच्या माणसांनीं काय करावें, हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दचकून उठलेल्या माणसाला अंगाला हात लावून उठवूं नये. चार हात दूर उभें राहून, नांवानें हांक मारून, तो घरीं आहे हें सांगावें. फटाक्यांचा दिवस असला तर आधीं कल्पना द्यावी. ‘तिकडं काय झालं ते सांगा’ असा आग्रह धरूं नये, आणि तो आपण होऊन बोलूं लागला तर ‘जाऊं द्या, विसरा’ म्हणून तोडूंही नये. दारू हें दुखणें असतेंच, परंतु पुष्कळदां तें पहिल्या दुखण्यावर स्वतःच शोधलेलें वाईट औषध असतें, हें ध्यानांत ठेवावें. त्याच्याच पलटणींतला किंवा त्याच्यासारखा एखादा माणूस ओळखीचा असेल, तर त्याला जेवावयास बोलवावें. पोथी लावावयाची असेल तर अवश्य लावावी. परंतु डॉक्टरकडे जाणें तिच्यासाठीं लांबवूं नये. आणि तो ‘जगून काय करायचं’ अशा तऱ्हेचें कांहीं बोलला, तर तें रागाच्या भरांतलें म्हणून सोडून न देतां त्याच दिवशीं मदत मागावी. बायकोनेंही स्वतःला विसरूं नये. जी रोज रात्रीं जागते, तिलाही कोणाजवळ तरी बोलावें लागतें. शिपायांच्या बायकांचीं अशीं मंडळें होऊं शकतात, आणि व्हावींत.

वैद्यनाथाच्या कथेंतली एक गोष्ट आपण सोयीनें विसरतों. समुद्र घुसळला तेव्हां अमृत पहिल्यानें आलें नाहीं. पहिल्यानें विष आलें, आणि तें पाहून घुसळणारे घाबरले. मंथन तेथेंच सोडून दिलें असतें तर धन्वंतरी वर आलाच नसता. दुसरें असें कीं, तें मंथन एकट्याचें नव्हतें. दोरीच्या दोन्ही टोंकांना पुष्कळ हात होते. लढाईहून परतलेल्या माणसाच्या मनांतलें विष त्यानें एकट्यानें, अंधारांत, अंगणांत येरझाऱ्या घालीत पचवावें, अशी अपेक्षा समाजानें फार दिवस केली. दोरीला हात लावणारे त्याचे सोबती त्याच्याच गांवांत, त्याच्याच तालुक्यांत आहेत. त्यांची त्याच्याशीं गांठ घालून देणें हें गांवाचें काम आहे. आणि येत्या दिवाळीपूर्वीं तें एखाद्या घरीं झालें, तर त्या घरांतलें एक ताट अर्ध्यावर टाकून उठण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.